दिगंबरच्या बागेतलं भात

माझा मावसभाऊ दिगंबर फोनवर म्हणाला, "ताई, माझी बाग बघायला ये." ट्रक दुरुस्त करणाऱ्याची बाग! मी लगेच नाशिकहून एसटी पकडली. मोखाड्याच्या घाटातल्या वळणांनी पोटातले पोहे दोनदा घशाशी आणले, पण मी अब्रू राखली.

जव्हारच्या अलीकडे त्याचं गॅरेज. आवारात सांडलेलं ऑइल पावसात वाहत जाऊन खालच्या जानकीबाईंच्या भातखाचरात तवंग धरायचं. "यंदा तवंग दिसला तर तुमच्या गटारावर बांध घालीन," असा त्यांचा दम होता. तसं झालं तर गॅरेजचंच तळं होणार. म्हणून दिगंबरने ऑइल अडवायला टाकी बांधली, पुढे उथळ खड्ड्यात खडी भरून पाणकणीस हे पाणथळीतलं उंच गवत आणि कर्दळ लावली. मुळांतून गाळून निघालेलं पाणी मग शेतात जायचं. हीच त्याची बाग.

"बघ!" म्हणून त्याने ऐटीत हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. पाणकणीस गायब. कर्दळीच्या मध्ये रांगेत भात!

जानकीबाई हसत वर आल्या. "शेठ, आमचा भातलावणीचा आवण उरला. तुमचे खड्ड्यात नुसता गवत. उपटला नि लावून टाकला. फुलांची झाडा ठेवली हां!"

"मावशी, ते गवतच तुमचं शेत राखत होतं!"

बाईंनी वळून खाली पाहिलं. खाचराच्या तोंडाशी रंगीत तवंग चकाकत होता. त्यांनी लगेच लावणीच्या बायकांना हाक मारली. उपटलेलं पाणकणीस बांधावर पडलं होतं, मुळं अजून ओली होती. भात काढून आम्ही ते पुन्हा लावलं. मीही साडी खोचून उतरले.

"बाय, तुजी रांग मोखाड्याचा घाट झाली!" एकजण म्हणाली. सगळ्या मनसोक्त हसल्या, मग चहाबरोबर नाचणीची भाकरी मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानकीबाई फावडं घेऊन हजर. दिगंबरचा चेहरा उतरला. त्या गटाराकडे गेल्या, थांबल्या, वळल्या आणि पाण्याला वाट ठेवून खड्ड्याभोवती मातीचा बांध घालू लागल्या.

"आता ह्यात कोन हात घालतो, ते बघते," त्या म्हणाल्या.

मला फार आनंद झाला. परतीच्या एसटीत चढताना हाताला अजून चिखलाचा वास होता. वाटलं, पाणकणीस रुजेल तेव्हा रुजेल, बाई मात्र रुजल्या.

"बाग छान आहे हं तुझी," मी खिडकीतून ओरडले.

"माझी कुठे राहिली आता!" दिगंबर म्हणाला.