नऊ कर्त्या पुरुषांची कावीळ

सेनगाव तालुक्यात कुठं ताप आला, कुठं हगवण लागली, कोणत्या गल्लीत एकदम तिघं खोकायला लागले, याची खबर सगळ्यात आधी मनकर्णाबाई पोले यांच्या फोनवर येते. हुद्दा आरोग्य पर्यवेक्षिकेचा. साथीच्या आजारांवर नजर ठेवणारं पथक त्यांच्या हाताखाली आहे. आठ आरोग्यसेवक, गावोगावच्या आशाताई आणि एक जीप. वय बावन्न, उंची बेताची, आवाज मात्र असा की फोन न लावताही पलीकडच्या गावाला ऐकू जावा. पथकातले लोक त्यांना टरकून असतात आणि घरातलं दुखणंखुपणंही आधी त्यांनाच सांगतात.

बाईंचं एका शब्दाशी हाडवैर आहे, तो म्हणजे 'निरंक'. दर सोमवारी गावागावांतून अहवाल येतात आणि निम्म्यांवर तेवढाच शब्द असतो. कुणी आजारी नाही, सगळं ठीक. बाई त्यातली तीन गावं निवडतात आणि थेट तिथल्या किराणा दुकानदाराला फोन लावतात. साबुदाणा किती खपला, मीठ-साखरेच्या पुड्या किती गेल्या, फुटाणे कोण मागतंय? काविळीत इकडं फुटाणे आणि ऊस खायला देतात, म्हणून फुटाणे खपले की कावीळ, हे त्यांचं गणित. आकडा जुळला नाही की त्या गावच्या आरोग्यसेवकाची अशी धुलाई होते की शेजारच्या ऑफिसातले लोक चहाचा कप घेऊन खिडकीत येतात.

त्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंजाऱ्यांच्या भावसिंग तांड्याहून आलेला अहवाल निरंक नव्हता. तांड्याची आशाताई निता राठोड हिनं काविळीचे नऊ रुग्ण कळवले होते. नावं वाचून आरोग्यसेवक विश्वंभर खुर्चीत मागं रेलला. नऊच्या नऊ पुरुष, वयं चाळीस ते पंचावन्न.

"मॅडम, यात बघायचं काय? दारू. नळाच्या पाण्याचा नमुना चांगला आला. बाया न्हाईत, लेकरं न्हाईत, निस्ते बापे. समदे एका जागी बसून पेले असतील."

विश्वंभर कामाचा माणूस, पण निकाल लावायची त्याला भारी घाई. जिल्ह्याच्या साहेबांनाही फोनवर तेच पटलं. दारूचा विषय असेल तर आपला नाही, बारा वाजेपर्यंत तसा अहवाल पाठवा आणि पथक मोकळं करा, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

बाईंना पटेना. तांडा म्हटलं की दारू, हे उत्तर इतक्या चटकन येतं याचाच त्यांना राग आला. शिवाय एक भीती होती. कावीळ पाण्यातून आलेली असली आणि ती एखाद्या पोटुशी बाईला झाली, तर आई आणि लेकरू दोघांच्या जिवावर बेततं. नोकरीच्या सुरुवातीला एका गावात त्यांनी असं एक बाळंतपण पाहिलं होतं. 

"बारा वाजायला आजून तीन तास हायत," त्या पर्स उचलत म्हणाल्या. "गाडी काढ."

तांड्यात शिरताना पहिलंच घर तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, नेमसिंग राठोड यांचं. यादीतला पहिला रुग्णही तेच. वय बावन्न, लघवी पिवळी, अन्नावर वासना नाही, कमालीचा अशक्तपणा. हे अशक्त गृहस्थ पाठीवर सोयाबीनचं पोतं घेऊन ओसरी चढत होते. पोतं धपकन टाकून त्यांनी रामराम केला. बाईंनी त्यांना उन्हात उभं केलं आणि पापणी खाली ओढून पाहिली. डोळे पांढरेशुभ्र.

"सकाळी काय खाल्लं?"

"चार भाकरी. काहून?"

"काविळीनं बेजार हाव तुमी, म्हणून इचारलं."

नेमसिंग हसायला लागले आणि मधेच थांबले. त्यांची नजर घरात गेली. दाराआडून कुणीतरी पटकन मागं सरलं, पण बाईंनी बघायचं ते बघून घेतलं. उंबऱ्यापाशी चघळून टाकलेल्या उसाचा ढीग होता आणि मागं सरलेल्या पोरीच्या गळ्यात काविळीची माळ होती. झाडाच्या मुळांच्या तुकड्यांची ती माळ जसजशी लांबते तसतशी कावीळ उतरते, असं इकडं मानतात.

तेवढ्यात निता पदर खोचत धावत आली. निता म्हणजे बाईंची लाडकी आशा. पावसात चिखल तुडवत लसीकरणाला लेकरं गोळा करणारी, कधी खोटं न लिहिणारी.

"निता, बापाला कावीळ आन माळ पोरीच्या गळ्यात? हे कसं काय?"

"मॅडम, तुमीच शिकवलं ना, यादीत पयले कुटुंबप्रमुखाचं नाव टाकायचं म्हणून."

ते खरं होतं. डासांच्या फवारणीच्या याद्या करताना त्यांनीच ते सगळ्या आशांना घोकून घ्यायला लावलं होतं. पण नितासारखी हुशार बाई फवारणी आणि कावीळ यांत गोंधळ करणार नाही, हेही त्यांना कळत होतं. त्यांनी यादी नितापुढं धरली. नितानं मान खाली घातली.

"बायांनी हात जोडले, मॅडम. समद्या लग्नाच्या पोरी हायत. दिवाळी झाली की पाव्हणे बघायला येऊन राहिले. कावीळवाली पोरगी म्हणून नाव झालं तं कोण करून घील? मंग म्या बापाचं नाव लिव्हलं, वयबी बापाचंच लिव्हलं."

"म्हणजे दारू..." विश्वंभर पुटपुटला.

"दारूचं तू सायबाला सांगितलं, आता तूच त्यांना फोन कर," बाई म्हणाल्या. त्यानं निमूटपणे फोन काढला.

नेमसिंगांची आई रुख्मिणीबाई सत्तरीच्या पुढच्या. तांड्यात त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. त्यांच्या अंगणात नऊ घरच्या आया गोळा झाल्या, पण पोरीचं नाव सांगायला एकही तयार होईना. बोलल्या त्या रुख्मिणीबाईच.

"बाई, तुमची यादी कंप्युटरात जाती. तिथून पुढं कुठं जाती, कोणाला ठावं?"

"नावं मह्या वहीत राहतील. वर जाईल ते निस्तं वय, पोरगी का पोरगा, आन घराचा नंबर," बाई म्हणाल्या. मग जरा पुढं सरकल्या. "आन ऐका. मला सोळाव्या साली कावीळ झाली होती. मह्या मायनंबी लपवली. लग्नाला तीस वर्षं झाली, तीन लेकरं झाली. मह्या सासूला आजून पत्ता न्हाई."

"मंग आता सांगून टाका की!"

"नव्वदीची हाय म्हातारी. तिला काहून तकलीफ द्यायची?"

अंगण खळखळून हसलं. हसता हसता एकीनं नाव सांगितलं, मग दुसरीनं. पाच मिनिटांत नऊ बाप्यांच्या जागी नऊ पोरी उभ्या राहिल्या. तेरा ते एकोणीस वर्षांच्या, एकीचंही लग्न झालेलं नाही. धाकटे भाऊ ठणठणीत, आया ठणठणीत. त्याच घरातलं, त्याच नळाचं पाणी सगळेच पीत होते. मग या पोरी असं काय प्याल्या जे बाकी कुणी प्यालं नाही?

बाईंनी बोटांवर दिवस मोजले. पाण्यातून आलेली कावीळ दिसायला महिना-सव्वा महिना लागतो. म्हणजे आजच्या पाण्याचा नमुना चांगला आला याला काही अर्थ नव्हता. "महिन्यामागं तुमी समद्या पोरी मिळून कुठं गेल्या होत्या? लग्न, जत्रा, काही?"

 दाराआडून माळवालीचा आवाज आला, "तीज होती ना तवा."

त्या साली अधिक महिन्यामुळं श्रावण सप्टेंबरपर्यंत लांबला होता. श्रावणात तांड्यातल्या कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात आणि नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ गाणी म्हणत त्याला पाणी घालतात. भावसिंग तांड्यात या पाण्याला नळ चालत नाही. पूर्वजांनी इथं पहिल्यांदा बैल सोडले तेव्हा ज्या विहिरीचं पाणी प्याले, तिथूनच ते आणायचं. ती विहीर आता सोनाजी पाटलांच्या शेतात, नाल्याच्या काठाला. पोरी तिथं घागरी भरायच्या, तासभर गायच्या आणि तहान लागली की ओंजळीनं तिथंच प्यायच्या. लग्न झालेल्या बाईचं तिथं काही काम नव्हतं आणि पोरांचं तर नाहीच नाही.

रुख्मिणीबाईंचा चेहरा उतरला. "नळाचं पाणी नगं, असं म्याच म्हणते दरसाली."

"माय, तीजेचा काही दोष न्हाई. नाल्याचा पूर इहिरीत गेला असंल. पुढच्या साली तिथलंच पाणी आना, आमी आदी औषध टाकून देऊ," बाई म्हणाल्या. त्यांना त्या म्हातारीचं फार वाईट वाटलं. "आता मला एवढंच सांगा, त्या इहिरीवर सध्या कोण जातं?"

निता उठून उभी राहिली. 

"सोनाजी पाटलाकडं आजपासून सोयाबीनची कापणी हाय. आपल्याच चौदा बाया गेल्यात. मही जाऊ दिपाबी. सातवा महिना हाय तिला. कापायला नगं म्हणून पाणी वाटायचं काम देल्लंय."

घरून नेलेल्या बाटल्या अकरापर्यंत पुरतात. घड्याळात पावणेअकरा झाले होते. जीप निघाली तेव्हा निता चालत्या गाडीत चढली. शेताची वाट म्हणजे नुसते खड्डे. विश्वंभरनं गाडी अशी हाकली की एरवी बाईंनी त्याला फाडून खाल्लं असतं.

विहिरीच्या काठावर दिपा उभी होती. पहिली कळशी भरून झाली होती आणि तिनं स्वतःसाठी तांब्या बुडवला होता. निता गाडी थांबायच्या आत उतरली, धसकटांतून धावत गेली आणि तिनं तो तांब्या जावेच्या हातातून हिसकावून घेतला. "पेलीस का? आदी सांग, पेलीस का तू?"

"न्हाई जी अजून," दिपा घाबरून म्हणाली. "काय झालं?"

निता तांब्या पालथा करून तिथंच खाली बसली. बाईंनी कळशी लवंडली, मग विहिरीत डोकावून पाहिलं. आतल्या दगडांवर पुराच्या गाळाची रेघ स्पष्ट दिसत होती. सोनाजी पाटील बांधावरून ओरडतच आले.

"मह्या आज्यापासून ह्येच पाणी पेऊन राहिलो आमी! काचावानी पाणी हाय. तपासा, खराब निघालं तं करतो बंद."

"तपासतोच. पण आमच्या बाटलीचा रंग बदलायला दोन दिवस लागतात, आन या पोरीला प्यायला दोन घोट लागतात," असं म्हणत बाईंनी विहिरीच्या चाकावरचा दोर सोडला, त्याचं वेटोळं केलं आणि त्यावर ऐसपैस बसल्या. "घ्या आता पाणी काढून."

सोनाजी पाटलांनी विश्वंभरकडं पाहिलं. विश्वंभरनं आभाळाकडं पाहिलं. तोवर सगळी टोळी भोवती जमली होती. काय झालं ते कळताच एकेकीनं विळा खाली ठेवला. चौदा बाया ओळीनं बांधावर बसल्या तेव्हा पाटलांचा आवाज खाली आला. पंधरा मिनिटांत त्यांचा ट्रॅक्टर नळाचं पाणी आणायला तांड्याकडं निघाला. नमुन्याची बाटली तिसऱ्या दिवशी काळीकुट्ट झाली, म्हणजे पाणी खराबच निघालं, पण त्या वेळी कुणाला ते माहीत नव्हतं. बाईंना मात्र खात्री होती.

विश्वंभरनं वही उघडली. नऊ पोरींची वयं आणि घरांचे नंबर तो जिल्ह्याला कळवणार होता. "मॅडम, नऊ नक्की ना?"

"नऊ न्हाईत," निता म्हणाली.

ती अजून जमिनीवरच बसलेली होती, तांब्या हातात धरून. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"दहा हायत. मही प्रतिक्षा. बारा दिवस झाले, घरात निजवून ठेवली तिला. तिच्या बापाचंबी नाव म्या यादीत टाकलं न्हाई. आशाच्याच घरात कावीळ म्हणून लोक हसतील असं वाटलं." तिनं दिपाकडं पाहिलं आणि तिला रडू फुटलं. "पयल्या दिवशी लिव्हलं असतं तं तुमी तवाच आल्या असत्या. ही आज इथपर्यंत आलीच नसती."

  मनकर्णाबाईंनी विश्वंभरच्या हातातली वही घेऊन नितापुढं धरली. निता डोळे पुसून लिहायला लागली. दहावा रुग्ण, मुलगी, वय सोळा. घराचा नंबर लिहून ती थांबली, आणि कुणी मागितलं नसताना तिनं खाली पूर्ण नाव लिहिलं.

बाईंनी वाचलं आणि दोर खांद्यावर टाकून उठल्या.

"ऊठ. आदी तिला बघू," त्या म्हणाल्या.