क्रॉनिकचं मराठी

आईच्या फाइलवर पहिल्याच ओळीत ‘क्रॉनिक’ असं लिहिलं होतं. डॉक्टर इंग्रजीत बोलत होते आणि आई माझ्या तोंडाकडे बघत होती. चाळीस वर्षं अंबरपेठेत भाजीवाल्यांशी हुज्जत घालणारी ही बाई, पण इंग्रजी आलं की सगळी भिस्त माझ्यावर.

“काय म्हणायलेत रे?”

ऑफिसात आम्ही सारख्या बिघडणाऱ्या लिफ्टलाही क्रॉनिक म्हणतो आणि हसतो. खरं तर तो शब्द दुखणं किती मोठं ते सांगतच नाही, फक्त मुदत सांगतो. दीर्घकाळ चालणारं, न हटणारं. किडन्या गेल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, जन्मभर. एवढंच मराठीत म्हणायचं होतं.

“थोडे दिवस यावं लागेल,” मी म्हणालो.

भित्रा कुठला! त्या थोड्या दिवसांना दीड वर्ष झालं. दर खेपेला ती “अजून किती?” विचारायची आणि मी तेच सांगायचो. तिचा जीव भाऊबीजेत अडकलेला. लग्न झाल्यापासून दरवर्षी काचीगुड्याहून गाडी धरून ती नांदेडला मामाला ओवाळायला जायची. गेल्या वर्षी डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. यंदा तिनं दसऱ्यालाच पिशवी भरून ठेवली. मामाचा सदरा, निरांजन, सुपारी. ती पिशवी दिसली की मी ताटावरून उठायचो.

परवा हॉस्पिटलात खाली गाडी लावून मी वर गेलो, तर आई सुई टोचणाऱ्या नर्सला दखनी हिंदीत विचारत होती, “कित्ते दिन और आना पड़ता बेटा?”

“दिन कैकू गिनते अम्मा? ये तो जिंदगीभर का है. आपके बेटे को मालूम है ना?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. डायलिसिसचे चार तास मी तिच्या पायाशी मेल्याहून मेला होऊन बसलो.

घरी आल्यावर तिनं मामाला फोन लावला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर.

“यंदाबी जमत नाही दादा.”

“अगं, अजून किती दिवस चालायचं हे?”

आईनं कोपऱ्यातली पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

“थोडेच दिवस,” ती मामाला म्हणाली.