मुंगीच्या पत्रिकेतला चंद्र

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत पत्रिका बघणाऱ्या बाई राहायच्या. खालून रबराचा वास यायचा, हवा भरायच्या यंत्राची घरघर यायची, आणि माणसं आपापली काळजी घेऊन जिना चढून यायची. बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. ज्योतिषाकडे त्या वळल्या त्या भीतीपोटी. लेक जन्मली ती ऐन पौर्णिमेच्या ग्रहणात, निळी पडलेली. जगेल असं कुणी छातीठोक सांगेना. ती जगली, इवलीशी म्हणून सगळे तिला मुंगी म्हणू लागले. पण बाईंच्या काळजात तेव्हा बसलेली धाकधूक काही उठली नाही.

परक्यांना मात्र त्या भरभरून धीर द्यायच्या. त्या दुपारी बेकरीवाली आली.

"बाई, संध्याकाळचं ग्रहण ह्यांच्या राशीला आहे म्हणे. आधीच माणूस तापट. आता काय भांडी फेकणार का?"

"एक संध्याकाळ त्यांना गप्प बसवा. तेवढं जमलं तरी राजयोग समजा."

बेकरीवाली हसली, पण चेहऱ्यावरची भीती गेली नाही. तेव्हा बाईंनी समजावलं. "हे बघा, चंद्र म्हणजे मन. पौर्णिमेला ते काठोकाठ भरलेलं असतं, आणि नेमकी तेव्हाच सावली पडते. तीही कुणा परक्याची नाही, आपल्याच पृथ्वीची. राहू म्हणजे हाव, केतू म्हणजे सोडून देणं. ग्रहण शिक्षा करायला येत नाही. आपण मनात काय घट्ट धरून ठेवलंय ते बघा, आणि सुटेल तेवढं सोडा. घाबरायचं काही नाही."

बेकरीवाली हलक्या पावलांनी खाली उतरली.

आतल्या खोलीत मुंगी बॅग भरत होती. दूरच्या शहरात, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. सकाळी हजर व्हायचं, म्हणजे संध्याकाळची गाडी धरायलाच हवी. तिशी उलटल्यावर आलेली संधी. याआधीची एक नोकरी आणि एक चांगलं स्थळ, दोन्ही आईच्या "थोडं थांब"पायी गेली होती.

"मुंगे, आज नको ग," बाई दारात येऊन म्हणाल्या. "चंद्र ग्रासलेलाच उगवणार. तुझ्या जन्मचंद्रावर पुन्हा तेच ग्रहण. उद्या निघ."

"उद्या जागा दुसऱ्याला देतील. स्पष्ट सांगितलंय त्यांनी."

"देतील तर देतील. नोकऱ्या पैशाला पासरी मिळतात."

"मला नाही मिळत." मुंगीने बॅगेची चेन ओढली. "आई, आत्ता बेकरीवालीला सांगितलंस ते खरं, की मला सांगतेस ते?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं?"

"ती गिऱ्हाईक आहे. तू माझी आहेस."

मुंगीने बूट चढवले आणि बॅग उचलली. "मग माझ्यावर सावली कुणाची पडलीय ग?"

बाईंनी पुढे होऊन बॅगेचा पट्टा धरला. मुंगीने तो ओढला नाही. ओढला असता तर बरं झालं असतं. बाई भांडल्या असत्या, रडल्या असत्या आणि शेवटी त्यांनी पट्टा सोडूनही दिला असता. मुंगीने आपलाच हात काढून घेतला, बूट काढले आणि खुर्चीवर बसली.

"थांबते," ती म्हणाली.

समोरच्या गच्चीआडून चंद्र वर आला, तांबूस, विझत्या निखाऱ्यासारखा. बाईंनी खिडकी लावून घेतली. मनासारखं झालं होतं, आता जीव भांड्यात पडायला हवा होता. पडेना. लेक भिंतीकडे बघत बसली होती. राग नाही, रडं नाही.

"जा ग," बाई एकदम म्हणाल्या. "अजून गाठशील गाडी. मी येते सोडायला."

"आता नको."

"चुकलं माझं म्हणते ना. ऊठ."

"आज उठवशील, पुढच्या वेळी पुन्हा धरशील. दमलेय ग मी, आई."

मग तिने फोन लावला. "नाही सर, नाही येऊ शकत... नाही, मी ठीक आहे. आईची तब्येत बरी नाही."

बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ते खोडून काढलं नाही.