तिप्पण्णा कलालाचं तिसरं मडकं

लिही वृंदा. तिप्पण्णा कलालाचं लिही, कामून तर त्याचं लिहिणारं मागं कुणी ऱ्हायलं न्हाई. बायको तरणीच गेली, लेकरू झालंच न्हाई. दोन गाढवं आन तो.

ठाणाकुशनूरच्या अलीकडं, उदगीरहून बिदरला जायच्या गाडीवाटंला आमची सराय व्हती. निजामाचं राज. चार खोल्या, बैल बांधायला आवार, आन चूल माझ्या सासूची. सत्यभामाबाई तिचं नाव, मी आत्याबाई म्हणायची. मी नवी नवरी, सोळाची आसंन. गाडीवाले आमच्याकडं भाकर खायचे आन मुक्कामाला पुढच्या गावाला जायचे, कारण तिथं प्यायला मिळायचं. म्हणून तुझ्या आजानं, किशनरावानं, शिंदीच्या झाडाची दारू इकायचा परवाना आणला आन ती काढणाऱ्या तिप्पण्णाला बोलावलं. म्हणला, सांग बाबा, आमच्या सरायीत काय काय ठिवायचं.

आला दुपारचा. उंच, वाळका, झाडावर चढून चढून पोटऱ्या लाकडासारख्या. गाढवावरनं तीन मडकी उतरवली. त्याची रीत अशी का, जे इकायचं ते गिऱ्हाइकाच्या म्होरं आधी आपण चाखायचं. न चाखता कुणाला द्यायचं न्हाई.

"ही सकाळची," पयल्या मडक्यातलं घोटभर पिऊन म्हणला. "गोड हाय. पायी चालणाऱ्याला द्या, पाय मोकळे व्हत्यात. ही दुसरी कालची, आंबट. गाडीवाल्याला हीच. त्याला बैलाच्या वासातबी चव लागली पायजे. सरकारी माणूस आला तर मोहाची एक बाटली कुलपात ठिवा, आन मागितल्याबिगर काढू नका. आन बायकोशी भांडून आलेला आसंन त्याला निम्मं पाणी घाला."

"आन मला रे?" किशनराव म्हणला.

"तुमचं लगीन नवं हाय अप्पा, तुम्हाला कशाला लागती?"

मी पदर तोंडात धरला. आत्याबाईबी हसल्या. पण तिसऱ्या मडक्याला त्यानं हात लावला न्हाई. नुसता वास घेतला आन तोंड फिरवलं.

"हे कामून चाखत न्हाईस?" किशनरावानं इचारलं.

"हे इकायचं न्हाई. वढ्याच्या पल्याडली तीन झाडं औंदा सरकारनं माझ्या नावावर टाकली. रस काढला न्हाई तर परवाना जातोय, म्हणून काढायलोय. वढ्यात वततो."

वढ्याच्या पल्याड म्हणलं आन आत्याबाईचं हसणं गेलं. दहा वर्सांमागं मानमोडीची साथ आलती, वृंदा. घरात तापलेलं माणूस तिसऱ्या दिवशी जायचं. जाळायला लाकूड पुरंना, मंग लोकांनी वढ्याच्या पल्याड, त्या शिंदीच्या झाडाबुडी खड्डे केले. आत्याबाईचा धाकटा रामकिशन तिथंच हाय. पाच वर्साचा व्हता.

तुझ्या आजानं ऐकलं न्हाई. वाटीभर पिला आन म्हणला, आसली गोड शिंदी मुलखात न्हाई, हीच ठिवायची. तिप्पण्णा नको नको म्हणत गेला, मडकं मातूर ऱ्हायलं. रोज सांगून सांगून त्याच झाडांचं आणायला लावलं.

पयल्या आठवड्यातच झालं. एक गाडीवाला व्हता कलबुर्ग्याकडचा, त्याला कन्नडाबिगर येत न्हवतं. भर दुपारी पेला रिकामा केला आन सपष्ट मराठीत म्हणला, "म्हशीला पाणी दावलं का गं कुणी?" आवाज म्हाताऱ्या बाईचा. आत्याबाईच्या हातातली परात खाली आली. आमच्या शेजारची म्हातारी व्हती ती, मानमोडीतच गेलेली. थोड्या येळानं गाडीवाल्यानं डोळे चोळले आन कन्नडात भाकर मागितली. त्याला काय ठाव न्हाई.

मंग रोज कुणीतरी. एक कापडवाला अंधाऱ्या कोपऱ्याकडं तोंड करून आपल्या बांगड्या शोधायला लागला. लोक भिऊन यायचे बंद व्हतील आसं वाटलं, पण पिणाऱ्याला कळतच न्हवतं तर भिणार कोण? भीत व्हतो आम्ही.

आत्याबाई भिल्या न्हाईत. त्या वाट बगायला लागल्या. जो पील त्याच्या म्होरं बसायच्या आन हळू इचारायच्या, "राम्या, हाईस का रे?" चूल मी बगायची. त्यांनी जेवण सोडलं. स्वोता पिऊन बगितलं तर नुसतं डोकं धरलं, तुझ्या आजावानी त्यांनाबी दुसरं काय झालं न्हाई. दोन महिन्यांत हाताची कातडी लोंबाया लागली. तुझा आजा पाया पडला, मडकं फोडतो म्हणला. तर म्हणाल्या, "फोड, मी झाडाबुडी जाऊन बसते."

मंग किशनरावच गेला तिप्पण्णाकडं. काय बोलला ठाव न्हाई. तिप्पण्णा आला, आत्याबाईच्या म्होरं उकिडवा बसला.

"अक्का, जेवा. आसं करू नका."

"तू कधी ह्यातलं चाखलं न्हाईस," आत्याबाई म्हणाल्या. "गावाला इष पाजायलास आन आपण कोरडा."

"इष न्हाई अक्का."

"मंग चाख. तुझी रीत हाय ना? का ती दुसऱ्या झाडांपुरती?"

तिप्पण्णानं मडकं लांब सारलं. मंग म्हणला, "ज्यांचं घरदार हाय त्यांच्या अंगात येतंय आन जातंय. त्यांना घरचे हाका मारत्यात, मंग ते जागे व्हत्यात. मला हाक मारायला कोण हाय? रिकामं घर दिसलं तर आलेलं जाईल का?"

 आत्याबाईंनी पेला भरला आन त्याच्या म्होरं धरला. वृंदा, माझी सासू वाईट न्हवती. पर त्या येळेला त्यांच्या तोंडाकडं बगवत न्हवतं.

तिप्पण्णानं दोन्ही हातांनी पेला घेतला आन सगळा पिला. तोंड पुसलंबी न्हाई. बाहेर बैल घंटा हालवत व्हते, त्या थांबल्या. तिप्पण्णाचे खांदे खाली आले, पाय फतकल मारून पसरले, आन पन्नाशीचा मिशीवाला माणूस बारक्या आवाजात म्हणला,

"माय, मला तहान लागली म्हणलं तर तू आलीच न्हाईस."

आत्याबाई साथीच्या दिवसांत स्वोताच तापात पडलेल्या व्हत्या. उठता येत न्हवतं त्यांना. हे त्यांनी कुणाला सांगितलं न्हवतं, का पोरगं पाणी मागत गेलं. त्या उठल्या, तांब्या आणला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आन घोट घोट पाजलं. तांब्याभर पिला तो. मंग त्या मला म्हणाल्या, "सुशीला, भाकर टाक." आन त्या दिवशी जेवल्या. पुढंबी जेवल्या.

तिसरं मडकं त्यांनीच नेऊन वढ्यात वतलं. त्या झाडांची शिंदी सरायीत परत आली न्हाई.

तिप्पण्णा जागा झाला, पर त्याच्या जिभंची चव गेली. गोड का आंबट त्याला कळंना. मडकी घेऊन यायचा आन मलाच म्हणायचा, "पोरी, तू जिभंवर थेंब लावून सांग गं." मंग मी सांगंल तसं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. ईस वर्सं, निजाम जाईपतोर.

आन दर सोमवारी मडकी उतरवली का तो उंबऱ्यावर पाय पसरून बसायचा. आत्याबाई भाकर दुधात कुस्करायच्या आन त्याला भरवायच्या. मिशीला लागलेलं पदरानं पुसायच्या, तो मान वर करून गप ऱ्हायचा, लेकरू ऱ्हातंय तसा. सरायीत कुणी हसलं न्हाई. तुझा आजा तेवढ्या येळात गाढवं पाण्यावर घेऊन जायचा, आन आतलं आवरल्याबिगर माघारी यायचा न्हाई.