करंगळीकडचा अर्धा हात

कोपरगावच्या शाळेत मी शास्त्र शिकवायचो, आणि शास्त्र आपल्याला येतं असा माझा पक्का समज होता. लढाईची वर्षं होती. रॉकेल मोजून मिळायचं, वह्यांना कागद नसायचा, आणि प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि त्याची हरवलेली किल्ली. पण मज्जातंतूंचा माझा तास असला की शेजारच्या वर्गाचे मास्तरसुद्धा दारात येऊन उभे राहायचे. आदल्या दिवशी कालव्यावरून बेडूक धरून आणलेला असायचा. त्याचा कापलेला पाय मी तांब्याच्या आकड्याला अडकवायचो आणि लोखंडी पट्टी एकदम पावलाला आणि आकड्याला टेकवायचो. मेलेला पाय फाडकन झटका द्यायचा. पुढच्या बाकावरची पोरं मागं सरकायची आणि मला फार बरं वाटायचं.

मग मी सांगायचो की आपल्या अंगात अशाच तारा पसरल्यात, पोस्टातल्या तारेसारख्या. बोटाला चटका बसला की तार वाजते, मेंदूच्या हापिसात निरोप पोचतो. त्यातही काही निरोप इतके निकडीचे की ते मेंदूपर्यंत जायची वाट बघत नाहीत. पाठीच्या कण्यातूनच परत हुकूम सुटतो आणि हात मागं येतो. दुखलं हे आपल्याला त्यानंतर कळतं.

यातला शेवटचा भाग खरा होता. तारेचा भाग अर्धाच खरा होता, हे मला फार उशिरा, वाचून कळलं. एक सलग तार नसतेच. तुकडे असतात. एकेक पेशी आपला लांब धागा पसरून बसलेली असते आणि दोघींच्या मध्ये इवलीशी फट असते. धाग्यातून विजेचा निरोप धावत येतो, टोकाशी येऊन थांबतो, तिथं कसलंसं रसायन सुटतं, ते फट ओलांडतं आणि पलीकडची पेशी तो निरोप पुढं नेते. आमच्याकडं विहिरीच्या कामावर गाळाच्या पाट्या अशाच हातोहात वर चढवतात. खालचा माणूस बसला तर वरच्यांना एवढंच दिसतं की पाटी आली नाही. तो का बसला, हे सांगायला पाटीच लागते. माझ्या घरात दोन वर्षं पाट्या येत नव्हत्या आणि वर उभं राहून मी मजेत बेडूक नाचवत होतो.

माझी बायको राहुरीकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याघरची. चार यत्ता शिकलेली, पण माझ्यापेक्षा चौकस. लग्नाला सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा तिची एक ख्याती आमच्या नात्यागोत्यात पसरायला लागली. तिचे हात भाजत नाहीत. भाकरी सगळ्याच बायका हातानं उलटतात, पण त्यांची बोटं तव्याला शिवली न शिवली की परत येतात. हिचा हात निवांत. तव्याच्या कडेला टेकून राहायचा, निखारा बाजूला सारायचा, उतू जाणारं भगुलं फडक्याशिवाय उचलून खाली ठेवायचा. माझी आई गावाहून आली की येईल त्याला सांगायची, आमची सून कामाला वाघ हाय, इस्तवाला भीत न्हाई. बायको नुसती हसायची. कधीकधी करंगळीवर फोड दिसायचा. विचारलं तर म्हणायची, कवा भाजलं कुनास ठाऊक.

हे मी ऐकत होतो. मज्जातंतूंवर तास घेणारा माणूस हे ऐकत होता, आणि त्यानं काय करावं? वर्गात सांगितलं. हात मागं येण्याचा धडा चालू असताना मी पोरांना म्हणालो की मनाचा निग्रह असेल तर हा नियमसुद्धा हरतो, आमच्या घरात त्याचं उदाहरण आहे. पोरं हसली. मीही हसलो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

माझ्या डोळ्यांवरचं कातडं पहिल्यांदा दूर सारलं ते एका मणेरणीनं. बांगड्या भरायला येणारी ही मुसलमान बाई. गावातल्या सगळ्या बायका तिला चाची म्हणायच्या. नागपंचमीच्या आधी ती टोपली घेऊन घरोघर हिंडायची. बांगडी भरणं म्हणजे नुसतं चढवणं नाही. हात आपल्या हातात घ्यायचा, दाबून मऊ करायचा, अंगठ्याचं हाड आत मुडपायचं आणि काच न मोडता बांगडी मनगटावर न्यायची. तीस-चाळीस वर्षं तिनं हेच केलं होतं. कुणाचा हात कसा आहे हे तिला जेवढं कळत असेल तेवढं कुठल्या डॉक्टरला कळत नसेल.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. मी घरी आलो तेव्हा ओट्यावर बांगड्या भरणं चाललं होतं. बायको माहेरची काहीतरी गंमत सांगत होती, आणि चाची तिच्या उजव्या तळहातातून काच काढत होती. बांगडी भरताना मोडली होती. रक्ताचा ओघळ मनगटापर्यंत आला होता. बायको ते पुसायला फडकं आणण्यासाठी आत गेली तेव्हा चाचीनं मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली,

"मास्तर, राग मानू नका. बाईंचा ह्यो करंगळीकडचा अर्धा हात जागा न्हाई. काच आत रुतली, रगत आलं, अन् बाई हसून बोलत हुत्या. असे दोन हात मी आदी बघितलेत. डाक्टरला दावा, उशीर नका करू."

ते दोन हात कुणाचे होते आणि त्यांचं पुढं काय झालं हे तिच्या चेहऱ्यावर होतं. महारोग. हा शब्द त्या काळी घरात उच्चारायचा नसे. ज्याच्या घरात तो निघाला त्याला घर सोडावं लागे, विहीर बंद होई, आणि मास्तर असेल तर त्याच्या हातून पोरं पाटी घेणार नाहीत हे उघड होतं. मला आधी आठवली ती माझी नोकरी. बायकोचा हात नंतर आठवला. हे लिहायला लाज वाटते, पण क्रम तोच होता.

मी चाचीला म्हणालो की तुमचं काम बांगड्या भरायचं, तेवढंच करा. ती टोपली उचलून गेली. पुढच्या पंचमीला ती आमच्या दाराशी थांबली नाही. बायकोला वाटलं, हिला काय झालं? मी कानावर हात ठेवले.

तरी आतून पोखरायला लागलं होतंच. चाची येऊन गेली त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी मी पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं की कापसाची वात करून तिच्या टोकानं हलकेच स्पर्श करावा, रोग्यानं डोळे मिटावेत आणि स्पर्श कळेल तेव्हा सांगावं. मी देवापुढची एक वात घेतली आणि बायकोला म्हणालो, वर्गात दाखवायचा एक प्रयोग आहे, जरा बस. ती हात पुसून समोर बसली. डोळे मिटले. मी तिचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला.

अंगठ्याला वात लावली. हां, म्हणाली. तर्जनीला लावली. हां. मधल्या बोटाला. हां. मी मास्तर माणूस, हजेरी घेतल्यासारखा एकसारख्या चालीत वात टेकवत होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. अनामिकेला लावली. हां. करंगळीला. हां. मला एकदम हलकं वाटलं. तळहाताच्या कडेला तीनदा लावली, तीनदा हां. मग पुन्हा करंगळीकडं नेताना माझा हात अधांतरी राहिला. बाहेर कोणीतरी हाक मारली होती, म्हणून मी मान वळवली. वात कुठंच टेकली नव्हती.

"हां," ती म्हणाली.

ती डोळे मिटून बसली होती. कपाळावर आठी होती, वर्गात उत्तर येत नसताना दुसऱ्याचं ऐकून बोलणाऱ्या पोराच्या कपाळावर असते तशी. ती माझ्या हाताची चाल मोजत होती. मला हवं ते उत्तर मला द्यायचं, एवढंच तिला कळलं होतं. त्या क्षणी मी वात पुन्हा वर धरून थांबायला हवं होतं. चाल मोडून, दोनदा, तीनदा. काय ते पाच मिनिटांत कळलं असतं. मी वात खाली ठेवली आणि म्हणालो, छान, सगळं ठीक आहे. तिनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं आणि पीठ मळायला उठून गेली.

त्यानंतर मी काहीच केलं नाही असं नाही. अर्धवट कामं करण्यात आम्ही शिकलेले लोक पटाईत असतो. मी बाजारातून सांडशी आणली आणि बजावलं की आता हातानं काही उचलायचं नाही. आई म्हणाली, मास्तरनं बायकोला मडमिन केली. मी तिच्या हाताला रोज खोबरेल लावायला सांगितलं. ती का म्हणून विचारत नव्हती आणि मी सांगत नव्हतो. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसाचा उंचवटा बसत चालला, तिथं खळगा पडला. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं. ती चारचौघांत उजवा हात पदराखाली ठेवायला शिकली. हळदीकुंकवाला जायचं टाळायला लागली. मला दिसत होतं आणि मी रोज शाळेत जात होतो.

आता माहीत आहे की तो रोग नसांच्या आत शिरतो, विशेषतः जिथं त्या कातडीजवळ, गारव्याला असतात तिथं. कोपराला काही लागलं की करंगळीपर्यंत मुंग्या येतात ना, तीच ती नस. ती सुजते, आतले धागे चेपतात, झिजतात, आणि निरोप वाटेतच राहतात. आधी थंड-ऊन कळेनासं होतं, मग दुखणं, मग स्पर्श. हाताकडं खाली येणारे हुकूमही त्याच नसेतून येतात, म्हणून बोटं वाळतात आणि वळतात. लवकर हाती लागलं तर काही धागे वाचवता येतात. गेलेले परत येत नाहीत.

दोन वर्षांनी एका सकाळी मी बाहेर वह्या तपासत बसलो होतो. चुलीवर तवा होता. मला जळल्याचा वास आला. भाकरीचा नव्हता. मी उठेपर्यंत ती आतून म्हणाली,

"अहो, बघा की जरा, कायतरी जळतंय."

मी दारात गेलो तेव्हा ती चुलीपुढं माझ्याकडं तोंड करून बसली होती आणि मागं टेकलेल्या तिच्या उजव्या हाताची कड तव्यावर होती.

त्याच दिवशी आम्ही रेल्वेनं नगरला गेलो. या रोगावर उपचार करणारे एक वयस्क डॉक्टर तिथं होते. गाडीत ती खिडकीशी बसली होती, हात फडक्यात गुंडाळून मांडीवर. वाटेत राहुरीचं स्टेशन आलं. माहेरचं कुणी दिसेल म्हणून तिनं तोंड फिरवलं. मी पाणी आणून दिलं.

डॉक्टरांनी जखम धुतली. मग तिचं कोपर हातात घेऊन आतल्या बाजूला बोटांनी चाचपलं. मलाही हात लावायला सांगितला. कातडीखाली नस सुतळीसारखी जाड लागत होती. एवढी की आंधळ्यालाही सापडली असती. त्यांनी त्या काळी या रोगावर देत ती तेलाची इंजेक्शनं सांगितली, नवं औषधही निघालंय म्हणाले, रोग थांबेल. हात परत येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, हे कधीपासून आहे त्यावर आहे. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "दोन-तीन महिने झाले असतील."

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला सांगता येणार नाही. उपचार याच उत्तरावर ठरणार होता, आणि मी तिथंही माझीच अब्रू सांभाळत होतो. डॉक्टर लिहायला लागले तेवढ्यात बायको बोलली. परक्या पुरुषासमोर ती सहसा बोलायची नाही.

"न्हाई डाक्टर, दोन वर्सं हुन गेली. मला कळलं हुतं. मीच लपिवलं. ह्यांना कायबी ठाऊक न्हवतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी नुसतं म्हणायचं होतं की नाही, मला माहीत होतं, एका बाईनं मला सांगितलंही होतं. डॉक्टरांनी आधी लिहिलेलं खोडलं. मग चष्मा काढून त्यांनी समजुतीच्या सुरात मला म्हटलं की मास्तर, मनाला लावून घेऊ नका, या रोगात ज्याचा हात त्यालाच कळत नाही, तिथं तुम्हाला कसं कळणार?

मी मान डोलावली.