समोरच्या घराची भिंत

फ्रान्समधल्या त्या छोट्या गावात मला सगळ्यात जास्त आठवण आली ती माझ्या थोरल्या दिरांची. मायेनं नव्हे. जळकोटला त्यांच्या पोराच्या लग्नात मी आठवडाभर खपून घराच्या दर्शनी भिंतीवर हत्ती, पोपट, नवरा-नवरी काढली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यावर चुना मारला आणि पिळदार मिशांच्या, हात जोडलेल्या स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स लावला. "हे खेडवळ काम ठिवून पाव्हण्यात हसं करून घ्यायचं व्हय?" असं चारचौघांत म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली, पण लग्नघर होतं, पुऱ्या लाटायला बसले.

पुढे लेकीच्या बाळंतपणासाठी फ्रान्सला गेले. तिच्या शेजारी मातीची भांडी घडवणारी एक बाई राहायची. दारातली माझी रांगोळी पाहून तिनं मला हाताला धरून अंगणात नेलं आणि आपली अख्खी भिंत दाखवली. काढ म्हणाली. मी काढत गेले तशी गल्ली जमली. पाववाली गरम पाव घेऊन आली, एका म्हाताऱ्या चित्रकारानं स्वतःचे कुंचले आणून दिले. हत्तीच्या पायाखाली हा मिशीवाला कोण, असं त्यानं लेकीमार्फत विचारलं. "नात्यातला आहे," मी म्हटलं. सगळी हसली. मी हसले नाही.

या हिवाळ्यात ती भांडीवाली बाई आणि तो चित्रकार जळकोटला आमच्याकडे आले. गोरे पाहुणे म्हटल्यावर दिरांनी भिंत नव्यानं पांढरीशुभ्र केली, गावातली मोठी माणसं चहाला बोलावली. जाऊबाई निरोप घेऊन आल्या, "भिंत तयार हाय. उद्या सगळ्यांम्होरं तेवढी चित्रं काढ, असं म्हणत्यात ते."

"बरं," मी म्हटलं.

सकाळी रंगांचे डबे उचलले, पाहुण्यांना घेतलं आणि दिरांच्या दारावरून सरळ समोरच्या घरी गेले. ते घर त्यांच्या चुलतभावाचं. शेताच्या बांधावरून दोघांचं हाडवैर, एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही. आदल्या संध्याकाळीच मी भिंत मागून ठेवली होती, आणि चुलतजावेनं ती आनंदानं दिली होती. दिरांकडं चहाला आलेली माणसं कपबशीसकट इकडं येऊन उभी राहिली.

शेवटी दीर आपल्या उंबऱ्यात आले. "आन् आमची भिंत?"

"तुमाला पांढरीच आवडती ना, भाऊजी," मी हत्तीचा कान रंगवत म्हणाले.

आता दार उघडलं की त्यांच्यासमोर माझे हत्ती उभे. ते हल्ली मागच्या दारानं ये-जा करतात, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटत नाही.