मागचा दरवाजा

आमच्या घरात कागद आला की तो माझ्या हातात द्यायचा, हा नियम. लाइटबिल असो, औषधाची चिठ्ठी असो, नाहीतर तलाठ्याची नोटीस. मी चष्मा लावून वाचायचे आणि मी सांगेन तसं घर वागायचं. खराडीच्या आमच्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. त्याचा अभिमान होता आणि मी तो कधी लपवला नाही.

म्हणून विमानात बसल्या बसल्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, समोरच्या सीटच्या खिशातलं सुरक्षेचं कार्ड काढून माझ्याकडे दिलं. "वाच. काय म्हणत्यात?" त्यांचा पहिलाच विमानप्रवास. समुद्र बघायचा होता त्यांना. मी वाचून दाखवलं: सर्वांत जवळचा दरवाजा तुमच्या मागेही असू शकतो. वळून रांगा मोजल्या. तीन.

"काही झालं तर आपण मागं जायचं," मी म्हणाले.

"अजून उडालं बी न्हाई, आन् तू उतरायचं सांगतीस."

उतरताना पाऊस असा होता की खिडकीतून पंखही दिसेना. चाकं टेकली, ब्रेकचा आवाज आला, पण वेग काही कमी होईना. अण्णा हळूच म्हणाले, "पानी साचलंय. चाक धरंना." आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस. तेवढ्यात धावपट्टी संपली. विमान चिखलात घुसलं आणि नाकावर बसलं.

दिवे गेले. माणसं पुढे सरकू लागली. अण्णाही उठून त्यांच्यामागे निघाले. "सगळी पुढं चाललीत, आपण बी..."

मी त्यांचा दंड धरला. "अण्णा, मी वाचलंय ना? मागं चला."

ते लगेच वळले. वाद घातलाच नाही.

नाक खाली म्हणजे शेपूट वर, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मागच्या दारातली घसरगुंडी जवळजवळ उभी होती, त्यात पावसाने निसरडी. अण्णा खाली कमरेवर आपटले. मी त्यांच्या शेजारी चिखलात पडले, मला खरचटलंसुद्धा नाही. मान वर केली तर पुढच्या दारातून लोक ओटा उतरावा तसे उतरत होते. एका आजींच्या हातात पर्सही होती.

आता अण्णा हॉलमधल्या पलंगावर असतात. मागच्या आठवड्यात सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याच हातात दिला. "ताई, व्यायाम चालू ठेवायचा तर ठेवा. ते चालतील म्हणून ठेवू नका."

भेटायला येईल त्याला अण्णा सांगतात, "पोरीनं कार्डावरलं ध्यानात ठेवलं व्हतं, म्हणून भाईर आलो." पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी चहा ठेवायला आत जाते. पुढच्या दरवाजाचं मी अण्णांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन असंही वाटत नाही.

काल त्यांनी उशाखालून रिपोर्ट काढला आणि माझ्यासमोर धरला.

"वाच की नीट. कवा उभा राहीन म्हणत्यात?"

मी चष्मा लावला. सगळं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

"दिवाळीनंतर," मी म्हणाले.

"मग ठीक हाय." त्यांनी कागदाची घडी केली आणि परत उशाखाली ठेवली.